कासवघळीतला मुका तास

शुइमेईला गप्प बसलेली पाहायचं असेल तर वर्षातला एकच दिवस होता, आणि त्या दिवशीही जेमतेम तासभर. एरवी ती पाला खुडताना बोले, भात वाढताना बोले, देवापुढे उदबत्ती लावताना देवाशी बोले, आणि घरात कुणीच नसलं तर कोळशावर ठेवलेल्या चहाच्या टोपल्यांना दम भरी. नवरा फाशंग चहा भाजण्यात पक्का आणि बोलण्यात चिक्कू. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढ्या काळात त्याने जेवढे शब्द खर्च केले तेवढे त्याची बायको एका न्याहारीत उडवते, असं वुयी डोंगरातल्या त्या वाडीत जो तो म्हणे. फाशंगला हे कुणी तोंडावर सांगितलं की तो हसायचा. बोलायचा अर्थातच नाही.

ती मूळची खाली नदीकाठची. माहेरी चहा होता, पण काठावरच्या मऊ मातीतला. वर कड्यांच्या घळींतून ज्यांच्या बागा आहेत ते लोक काठाच्या चहाला चहा म्हणतच नाहीत, तहान भागवायचं पाणी म्हणतात. कड्यातला चहा पहिला, पायथ्याचा दुसरा, आणि काठाचा नाइलाज म्हणून शेवटी मोजायचा. स्थळं बघतानाही तोच हिशेब. यौ घराण्यात ती सून म्हणून आली तेव्हा सासूने शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं, "काठाचा माल आहे. आवाज मोठा, दम किती ते बघायचं."

दम होता, आणि तो जिभेतच निघाला. चार-पाच हंगामांत ती अशी तयार झाली की पेला ओठाला लावायचा अवकाश, हा चहा कुठल्या घळीतला, सकाळचं ऊन लागणाऱ्या बाजूचा की सावलीतला, खाली रेताड आहे की चिकणमाती, हे ती सांगून मोकळी. चहाची जात शुइश्येन असो की दालचिनीच्या वासाची रौग्वेइ, तिला फसवणं कठीण. अडचण एवढीच की ओळखलेलं पोटात ठेवणं तिला जमायचं नाही.

मागल्या शरदात हेच नडलं. तिचा थोरला दीर ग्वेइपाओ वीस वर्षं शियामेन शहरात चहाचं दुकान चालवत होता. तो एका बड्या गिऱ्हाइकाला घेऊन घरी आला आणि स्वतःच्या हाताने चहा करून बसला.

"वा! कासवघळीतला रौग्वेइ ना?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"अस्सल," ग्वेइपाओ म्हणाला. "आमच्या घरची घळ."

शुइमेई भाजलेले शेंगदाणे ठेवायला आली होती. जाता जाता तिने एक पेला उचलून भुरका मारला. "अगंबाई, भाऊजी, पुडी बदलली वाटतं! हा पुलापलीकडचा, पायथ्याचा. वाईट नाही हो, भाजलाय सुरेख."

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. ग्वेइपाओ हसला नाही, आणि त्या दिवसापासून तो भावजयीला पाण्यात पाहू लागला.

आता तो एक तास. मे महिन्याच्या तोंडावर खुडणी सुरू होते, तिला वाडीत डोंगर उघडणं म्हणतात. पहाटे चहावाल्यांचा मूळपुरुष यांग थायपो याच्यापुढे मेणबत्त्या लागतात, न्याहारी उभ्याउभ्याने होते, फटाक्यांची माळ सुटते आणि रांग घळीकडे निघते. उठल्यापासून कुणी अवाक्षर काढायचं नाही. मागे वळून पाहायचं नाही. पुढे चालणारा ज्या झुडपाकडे हात करील तिथे उभं राहून मुकाट खुडायला लागायचं. तासभर झाला की तो खिशातून सिगारेटचं पाकीट काढतो आणि एकेकीला एकेक वाटतो. ओढणारी असो नसो, सिगारेट हातात पडली की तोंड सुटलं. त्याआधी कुणी बोललं तर हंगामभर पावसाचं भय. लिहून ठेवलेले सगळे नियम मोडणारी माणसंसुद्धा हा न लिहिलेला नियम मोडत नाहीत.

शुइमेईने तो पहिल्याच वर्षी मोडला होता. नवी सून म्हणून ती सासऱ्यांच्या मागोमाग चालत होती. पायऱ्या ओल्या, खाली चांगली दोन पुरुष खोल घळ. सासऱ्यांनी पाय उचलला आणि तिला पायरीवरचा हिरवा थर दिसला. "बाबा, शेवाळ!" ती ओरडली. म्हातारा जागच्या जागी थबकला. कुणी काही बोललं नाही, बोलायची सोयच नव्हती. पण तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तो नऊ दिवस उघडला नाही, आणि पाला झुडपांवरच कुजला. तेव्हापासून वाडीत अवेळी सर आली की बायका वाळवण उचलता उचलता म्हणत, "शुइमेईचा पाऊस आला गं!" तिच्या नावाचा अर्थच पाण्याशी जुळणारा, मग काय विचारता.

पुढच्या वर्षी डोंगर उघडायच्या पहाटे सासूने तिच्या तोंडात एक खारवलेला सुका आलुबुखार कोंबला आणि तिला रांगेच्या शेवटी उभं केलं. तोंडात काही असलं की बाई बोलणार नाही, हा हिशेब. सासू जाऊन अकरा वर्षं झाली, पण आलुबुखाराची बरणी गेली नाही. आता सासरे दरसाल झाकण उघडून बरणी तिच्यापुढे धरीत. त्या शेवाळाचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही. शुइमेईला हे लागलेलं होतं. पाऊस आपणच आणला असं ती स्वतःही अधूनमधून मानायची, पण म्हातारा पडला नाही हे कुणीच कधी जमेला धरलं नव्हतं.

यंदा सासऱ्यांना त्र्याऐंशी लागलं आणि गुडघ्यांनी संप केला. रांगेच्या पुढे कोण चालणार, हा प्रश्न जेवताना निघाला.

"मी जाते," शुइमेई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं घळ मीच बघतेय. कुठलं झुडूप कधी पिकतं ते मला झोपेत विचारा."

ग्वेइपाओच्या जेवायच्या काड्यांतून बांबूचा कोंब निसटून रश्श्यात पडला. "तू? अगं, डोंगर उघडायच्या आत आभाळ फाटेल!"

"आणि तुम्ही? वीस वर्षांत घळीत किती वेळा आलात? दोनदा. त्यातून एकदा फोटो काढायला."

"बाबा, हिला आवरा. मी थोरला आहे. आणि ऐका, यंदा ही एक शब्द जरी बोलली ना, तर पुढच्या वर्षीपासून घरात. रांगेतसुद्धा नको."

म्हाताऱ्याने दोघांकडे पाहिलं. भाताचा घास सावकाश गिळला. "यंदा ग्वेइपाओ पुढे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." रांगेतसुद्धा नको, याला त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फाशंगने टेबलाखालून बायकोचा हात दाबला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

त्या पहाटे धुकं असं दाटलं होतं की आपलाच हात पाहुण्यासारखा दिसावा. सतरा खुडणाऱ्या बायका डोंगरापलीकडून, च्यांगशी प्रांतातून आल्या होत्या. त्यांतल्या ल्यू मावशीचा हा एकोणिसावा हंगाम, बाकीच्या बऱ्याचशा नव्या. सगळ्यांत पुढे पांढरे बूट घातलेला ग्वेइपाओ, सगळ्यांत मागे गालात आलुबुखार धरलेली शुइमेई. फाशंग घरी, पाला आला की लगेच पसरायच्या तयारीत.

म्हाताऱ्याने आदल्या दिवशी थोरल्याला वाट समजावली होती: कापराच्या झाडापाशी उजवीकडे. डावी वाट फांग युलिनच्या रांजणघळीत जाते. पण ते झाड हिवाळ्यातल्या वादळात पडलं होतं आणि वाडीतल्या लोकांनी त्याची लाकडं कधीच फोडून नेली होती. घरात बसलेल्या म्हाताऱ्याच्या हे ध्यानात राहिलं नाही, आणि शियामेनहून आलेल्या मुलाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ग्वेइपाओ झाडाची वाट पाहत चालत राहिला. झाड काही आलं नाही. पायाखालची वाट डावीकडे वळली तसा तोही वळला, आणि त्याच्यामागे सतरा बायका वळल्या. एकीने तोंड उघडलं नाही, एकीने मागे पाहिलं नाही. नियम कसा पाळावा हे त्या दिवशी त्यांच्याकडून शिकावं.

शुइमेईला शंका आली ती पायांतून. कासवघळीत पाऊल टाकलं की दगडाचा चुरा करकरतो. इथे पाय मऊ रुतत होते. मग पाण्याचा आवाज. त्यांच्या घळीत ओहोळ डाव्या हाताला वाहतो, इथे तो उजवीकडून येत होता. भाऊजींनी काही नवी वाट काढली असेल, असं तिने मनाला समजावलं. पण ग्वेइपाओने हात केले, बायका झुडपांशी भिडल्या, खुडणी सुरू झाली, आणि शुइमेईने पहिलंच पान खुडताच तिच्या बोटांनाही ते पटेना. शेंड्याचं पान अजून मिटलेलं होतं. तिने गालातला आलुबुखार काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि ते पान दातांखाली धरलं. कासवघळीतलं पान आधी कडू लागतं आणि मग घशात गार होत जातं. हे कडू लागलं आणि कडूच राहिलं. पिकायला चार-पाच दिवस अवकाश असलेला, हिवाळ्यात नवी माती घातलेला, फांग युलिनचा रौग्वेइ!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन घरांत बांधावरच्या एका दगडावरून अकरा वर्षं भांडण चाललेलं. एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते, मयताला जात नव्हते. यंदाच्या नववर्षाला शुइमेईनेच फांगच्या दारात तीन दिवस ठिय्या देऊन, बोलून बोलून ते मिटवलं होतं. "तू आता थांबणार असशील तर मला सगळं मान्य आहे," असं म्हणून फांगने हात जोडले होते. आणि आज त्याच्या बागेत अठरा जणी त्याचा कच्चा पाला टोपल्या भरभरून ओरबाडत होत्या. डोंगरात दुसऱ्याच्या झुडपाला हात लावण्याएवढं वाईट काही नाही. बोललं तर पुढच्या वर्षीपासून कायमची घरात, आणि गप्प बसलं तर आणखी पाऊण तासात फांगची अख्खी ओळ बोडकी.

तिने फोन काढून दिराला लिहिलं, 'चुकलात, थांबवा.' घळीत रेंज कुठली. निरोप तिच्याच फोनवर गोल गोल फिरत राहिला.

मग ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. बाही ओढली. जमिनीकडे बोट करून पाय आपटला. ग्वेइपाओने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, ते मळले होते खरे, आणि त्याने मान हलवली. तिने कानाला हात लावला, उजवीकडे बोट दाखवलं आणि हाताने पाणी वाहतंय अशी खूण केली. ग्वेइपाओ कानापर्यंत लाल झाला आणि त्याने तोंड फिरवून एका मोठ्या खडकामागे जायचा इशारा केला. शुइमेईने कपाळाला हात मारला. शेवटचा उपाय म्हणून ती वाकली, पाठीला पोक काढलं, मान लांब करून इकडेतिकडे फिरवली, म्हणजे कासव, आणि दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' केलं. ल्यू मावशीने पदरासारखा एप्रन तोंडात कोंबला. दोन पोरी हसू दाबता दाबता झुडपात बसल्या. ग्वेइपाओने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं.

आणि तेव्हा तिला त्याच्या जाकिटाच्या खिशातून डोकावणारं लाल पाकीट दिसलं.

पुढचं सगळं विजेच्या वेगाने झालं. तिने पाकीट उपसलं. ग्वेइपाओने तिचं मनगट धरलं, तिने झटकलं. त्याने तोंड उघडलं, आणि आपण ओरडू शकत नाही हे आठवून तसंच मिटलं. सिगारेटी वाटणं हा पुढाऱ्याचा मान, तो त्याच्या डोळ्यांदेखत चालला होता आणि त्याला शब्दाने हरकत घेता येत नव्हती. शुइमेई ओळीतून धावत सुटली. ल्यू मावशीला एक, तिच्या शेजारणीला एक, झुडपात बसलेल्या पोरींना एकेक. सतरा संपल्या. अठरावी तिने दिराच्या मुठीत कोंबली, एकोणिसावी स्वतःच्या कानामागे खोचली, आणि पहाटेपासून अडवलेला बांध सोडून दिला.

"थांबा! हात काढा सगळ्यांनी! ही आपली घळ नाही गं बायांनो, ही रांजणघळ, फांगदादांची! भाऊजी, पायाखाली बघा, ही माती आपली आहे का? ते पाणी ऐका, कुठल्या हाताला आहे? पान चावा, चावून तर बघा, चार दिवस कच्चं आहे, आणि तुम्ही आपले बूट बघताय!"

ग्वेइपाओने खाली पाहिलं, मग वर पाहिलं. धुकं विरळ होत होतं आणि दहा पावलांवर फांग घराण्याची खूण कोरलेला बांधाचा दगड उभा होता, तोच तो, अकरा वर्षांचा. "मग… मग आधी नाही का सांगायचंस?" तो म्हणाला.

"कासव करून दाखवलं की!"

"ते कासव होतं? मला वाटलं तुझी पाठ धरली."

"मला वाटलं पोट," ल्यू मावशी म्हणाली, आणि मग मात्र सतराही जणींना कोंडलेलं हसू आवरेना.

आवाज ऐकून खालून फांग युलिन आला, हातात कुदळ. त्याने बोडक्या झालेल्या झुडपांकडे पाहिलं, भरत आलेल्या पाच टोपल्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण त्याचा पहिला प्रश्न पाल्याचा नव्हता.

"माझा डोंगर अजून उघडायचाय," तो गरजला. "माझ्या घळीत मुका तास कुणी मोडला? पहिलं कोण बोललं?"

सगळ्यांनी शुइमेईकडे पाहिलं. ती पुढे झाली. "कुणीच मोडला नाही, युलिनदादा. आधी सिगारेट, मग तोंड. मोजून घ्या. एकोणीस वाटल्या, आणि ही विसावी तुमची."

फांगने एकेकीच्या हाताकडे पाहिलं. खरंच, प्रत्येकीकडे सिगारेट होती. एक नवी पोर तर ती कुठून पेटवतात ते शोधत होती. त्याने विसावी घेतली, हुंगली.

"आणि माझा पाला? कच्चा खुडलात की गं!"

"कच्चा आहे म्हणून तर बोलले. पिकलेला असता तर तासभर खुडून मग सांगितलं असतं!"

फांगने रागावून राहायचा बराच प्रयत्न केला. मिशी थरथरली, कुदळ खाली टेकली, आणि तो खो खो हसत सुटला. शेवटी ठरलं ते असं: पाच टोपल्या फाशंगने स्वतःच्या हाताने करायच्या आणि चहा फांगच्या घरी द्यायचा. कडू निघालाच तर यौंनी तो ठेवून कासवघळीतला पहिला चहा फांगला द्यायचा. "फाशंग करणार म्हणजे कडू निघायचा नाही," फांग म्हणाला. "त्याला नुसतं सांगा. बोलण्यात वेळ घालवणारा माणूस नाही तो."

दुपारी सगळे जेवायला घरी आले तेव्हा म्हातारा दाराशी बांबूच्या खुर्चीत बसला होता. बातमी त्यांच्याआधी पोचली होती, कशी ते कुणास ठाऊक. शुइमेई बरणीकडे न बघता आत जायला लागली.

"सिगारेटी कुणी वाटल्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

ग्वेइपाओने मळलेले बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले. त्याला खोटं बोलायला मोकळीक होती, भावजय काही आड येत नव्हती. "तिने," तो म्हणाला. "आणि बाबा, तिने वाटल्या नसत्या तर मी तासभर तिथेच उभा राहिलो असतो. रांगेचं मी बोललो ते सोडून द्या."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि भात मागितला. फाशंगने त्या पाल्यावर दोन दिवस हात फिरवले. चहा कडू निघाला नाही, थोडा उग्र निघाला एवढंच, आणि फांग तो अजून पाहुण्यांना 'चोरीचा माल' म्हणून कौतुकाने पाजतो. पाऊस? हंगाम संपेपर्यंत एक थेंब नाही. वाळवणं घालणाऱ्या बायकांची पंचाईत झाली, त्यांना शुइमेईला बोल लावायला काही मिळेना.

वर्ष फिरून पुन्हा ती पहाट आली. मेणबत्त्या लागल्या. शुइमेईने सवयीने बरणीपुढे हात धरला, पण म्हाताऱ्याने झाकण उघडलं नाही. त्याने तिच्या तळहातावर सिगारेटचं पाकीट ठेवलं. न्याहारी अजून झालेली नव्हती, मुका तास पहाटे उठल्यापासूनच लागलेला होता, आणि सत्तर वर्षं तो पाळणारा म्हातारा सुनेच्या कानाशी वाकला आणि चक्क बोलला.

"त्या साली पाऊस आला तो आला," तो पुटपुटला. "मी मात्र पडलो नाही."

शुइमेईने डोळे पुसले, पाकीट खिशात घातलं आणि ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली. फटाके वाजले.

कासवघळीत ती एकही पाऊल न चुकता पोचली. झुडपाझुडपाकडे हात करत गेली, आधी पिकलेलं आधी. पायाखाली दगडाचा चुरा करकरत होता, डावीकडे ओहोळ वाहत होता, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की एक तास झाला, सव्वा झाला, दीड झाला, तरी तिच्या ध्यानातच येईना. ल्यू मावशी दोनदा खाकरली. पोरींनी एकमेकींना कोपरं मारली. ग्वेइपाओ, यंदा रांगेच्या शेवटी, टोपलीमागून स्वतःच्या रिकाम्या खिशावर थापा मारून खुणा करत होता. शुइमेईचं लक्षच नव्हतं. त्या घरात पहिल्यांदाच असं झालं की शुइमेई कधी एकदा तोंड उघडते याची सगळेजण वाट पाहत उभे होते.